जुन्या वॉलपेपरवरून रंग मारावा की आधी तो सोलावा?

मधुमालती:
नमस्कार मंडळी. वॉलपेपर कुठला घ्यावा, कुठल्या भिंतीला लावावा यावर इथे रग्गड लिहिलं गेलंय. लावलेला नकोसा झाला तर काय करायचं, यावर मात्र काही सापडलं नाही. म्हणून हा धागा.

ठाण्यात घोडबंदर रोडला आम्ही रीसेलचा टू बीएचके घेतलाय. आधीच्या मालकांना वॉलपेपरचा भारी सोस होता. हॉलमध्ये टीव्हीमागची भिंत, मोठ्या बेडरूमच्या चारही भिंती, आणि मुलांच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीवर गाड्यांची पट्टी. बेडरूममधला कागद क्रीम रंगाचा, वर सोनेरी वेलबुट्टी, हात फिरवला की उठाव लागतो. बराचसा घट्ट आहे. पण सांध्यांवर कडा सुटल्यात आणि खिडकीखाली एका जागी दाबलं की कागद आत-बाहेर होतो. ती भिंत पश्चिमेची, बाहेरची.

दोन रंगारी बघून गेले. पहिला म्हणाला, "मॅडम, काढायच्या भानगडीत पडू नका. वरून प्रायमर मारू, प्लास्टिक पेंटचे दोन हात देऊ, कळणारसुद्धा नाही." दुसऱ्याचं म्हणणं, सगळं खरवडून नव्याने पुट्टी करावी लागेल. त्याचा आकडा ऐकून नवऱ्याने पहिल्याचा नंबर सेव्ह केला. शिवाय सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे घरात धूळ जितकी कमी उडेल तितकं बरं.

तर वरून रंगवलं तर टिकतं का? कोणी केलंय का? जाणकारांनी सांगा प्लीज.

टिवल्याबावल्या:
त्या भिंतीला कपाट लावा. आमच्याकडे हाच उपाय तीन पिढ्या चालू आहे.

खडूस_काका:
दाबल्यावर आत-बाहेर होतो म्हणजे तो कागद भिंतीवर नाही, नुसता सवयीने उभा आहे. पश्चिमेची भिंत, ठाण्याचा पाऊस. रंगाऱ्याला मागाहून बोलवा, आधी पाणी कुठून येतंय ते बघा. बाहेरच्या प्लास्टरला चीर असेल, नाहीतर खिडकीच्या चौकटीखालून झिरपत असेल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, तेव्हा सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या जूनपर्यंत कोणाला आठवत नाही.

रंगसफेदी:
मधुमालतीताई, आमचा हा घरचाच धंदा, वडिलांपासूनचा, कोल्हापूर-सांगलीकडे. तुमचा पहिला रंगारी खोटं बोललेला नाही. काम झालं त्या दिवशी खरंच कळत नाही. हिशेब चुकता होईपर्यंत तरी नाहीच.

होतं काय ते सांगतो. वॉलपेपर बसतो तो खळीवर. पावडर मिळते, ती पाण्यात कालवायची, फुगू द्यायची आणि कागदाला फासायची. ही खळ सुकली तरी मरत नाही, पाणी लागलं की परत जागी होते. आता आपला नेहमीचा प्रायमर पाण्यातला, प्लास्टिक पेंट पाण्यातला, पुट्टीही पाण्यातलीच. सांध्यांतून, खिळ्यांच्या भोकांतून, सुटलेल्या कडांतून ते पाणी आत शिरतं. खळ सैल होते, कागद फुगतो, भिंतीवर फुगे येतात. काही फुगे सुकताना आपोआप बसतात. जे बसत नाहीत ते फोडायला गेलात की रंगासकट चकती हातात येते.

दुसरं दुखणं सांध्यांचं. साधा रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १० मीटर लांब येतो, म्हणजे सुमारे २१ इंची पट्टा. दहा फुटी भिंतीवर पाच उभे सांधे झाले. (कोरियन रोल १०६ सेंटीमीटरचा असतो, त्यात सांधे निम्मे.) रंगाने सांधा बुजत नाही, उलट एकरंगी भिंतीवर जास्त डोळ्यात भरतो. डिझाइनमध्ये जे लपलं होतं ते सगळं उघडं पडतं.

आणि तुमचा कागद उठावाचा. दिवसा समोरून बघाल तर ठीक वाटेल. संध्याकाळी भिंतीवरचा दिवा लागला, बाजूने उजेड पडला, की सगळी वेलबुट्टी नव्या रंगातून डोकावणार. शंका असेल तर आज रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलची बॅटरी भिंतीला टेकवून उजेड सोडा. रंगानंतरची भिंत कशी दिसणार ते आत्ताच कळेल.

त्यातून सोनेरी आणि गडद छपाईची शाई काही वेळा पाण्याच्या रंगातून वर येते. पिवळट डाग दिसतो, वरून कितीही हात मारा, तो येतच राहतो.

माझं मत विचाराल तर बेडरूम सोला. हॉलचं बघून ठरवू.

जर्सी_मावशी:
मी न्यू जर्सीहून. माझा अनुभव बरोबर उलटा आहे, पण भिंतच वेगळी आहे हे आधीच सांगते, नाहीतर लोक माझा सल्ला ठाण्यात वापरतील.

इकडे आतल्या भिंती ड्रायवॉलच्या. जिप्समचा गाभा आणि दोन्ही बाजूंना जाड कागद. बऱ्याच जुन्या घरांत कंत्राटदाराने ड्रायवॉलला प्रायमर न मारता थेट वॉलपेपर चिकटवलेला असतो. तो सोलायला गेलं की भिंतीचा स्वतःचा कागदही सालपटासारखा निघतो आणि आतलं जिप्सम उघडं पडतं. मग ती दुरुस्ती वॉलपेपर काढण्यापेक्षा महाग. म्हणून इथले चांगले रंगारीसुद्धा अशा घरात वरूनच रंगवा म्हणतात.

पण पद्धत आहे त्याची. सुटलेल्या कडा सांध्याच्या गोंदाने चिकटवायच्या. फुगा असेल तर कटरने कापून तेवढा कागद काढून टाकायचा. एकावर एक चढलेले सांधे घासून सपाट करायचे. मग पहिला हात ऑइल बेस प्रायमरचा, नाहीतर लाखेच्या प्रायमरचा. लाखेवाला स्पिरिटमध्ये असतो, त्यामुळे खळीला पाणी लागतच नाही, आणि शाईचे डागही तो अडवतो. तो वाळला की सांधे-खड्डे लांबीने (म्हणजे पुट्टीसारख्या भरावाने) भरून घासायचे, भरलेल्या जागी परत प्रायमर, आणि मग हवा तो पाण्याचा रंग. लांबी आधी आणि प्रायमर नंतर केलं तर लांबीतलं पाणी खळ सोडवतं. क्रम उलटवायचा नाही.

आणखी एक. अमेरिकेत १९७८ पूर्वीचं घर असेल तर वॉलपेपरखाली शिशाचा रंग असू शकतो. त्या साली घरगुती वापराच्या रंगात शिशावर बंदी आली. अशा घरात कोरडं घासायच्या आधी तपासणी करून घ्यायची, विशेषतः लहान मुलं असतील तर.

खडूस_काका:
मावशी, शिसं आपल्याकडेही होतंच. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आणणारे नियम २०१६ चे, अंमल नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइल पेंट दारं-खिडक्यांवर असेल तर तो कोरडा घासू नका. ओला करून घासा, मास्क लावा.

श्टुटगार्टकर:
मला गंमत वाटतेय, कारण जर्मनीत हा प्रश्नच उलटा आहे. इथे वॉलपेपर लावतात तोच मुळी रंगवायला! भाड्याच्या घरांत बऱ्याच भिंतींवर 'राउफासर' दिसेल. कागदाचे दोन थर आणि मध्ये लाकडाचा भुसा, त्यामुळे भिंत खरखरीत दिसते. १८६४ साली हुगो एर्फुर्ट नावाच्या औषध विक्रेत्याने तो काढला. त्यावर पांढरा डिस्पर्शन (पाण्यातला) रंग मारायचा, काही वर्षांनी पुन्हा मारायचा, भाडेकरू बदलला की पुन्हा. बऱ्याच थरांनंतर खरखर बुजून भिंत गुळगुळीत दिसायला लागते, तेव्हा कुठे कागद बदलतात.

पाण्याचा रंग असूनही फुगे का येत नाहीत? कारण तो नुसता कागद आहे, प्लास्टिक नाही. पाणी शोषतो आणि सोडतोही. ओला असताना जरा फुगतो, वाळला की परत ताणून बसतो. मधुमालती, तुमचा कागद कागदाचा आहे की विनाइलचा, हे आधी बघायला हवं. स्पंजने पाणी लावा. शोषलं तर कागद. मोत्यासारखं ओघळून खाली आलं तर विनाइल.

मधुमालती:
बाप रे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद.

बॅटरीचा प्रयोग केला. रंगसफेदी दादा, तुम्ही म्हणता तसंच आहे. वेलबुट्टी तर दिसतेच, शिवाय भिंतीला पोटही आलेलं दिसलं. स्पंज लावला तर पाणी सरळ ओघळलं, म्हणजे विनाइल. हॉलचा कागद मात्र गुळगुळीत, करड्या रंगाचा, कुठेही सुटलेला नाही. ती भिंत आतली आहे, पलीकडे आमचंच स्वयंपाकघर.

नवऱ्याचं म्हणणं: "ऑइल प्रायमर मारला की झालं ना? मावशींनी सांगितलंय." काय उत्तर देऊ?

रुक्ष_रसायन:
उत्तर मी देतो. जर्सी_मावशींची पद्धत बरोबर आहे, पण ती खळीचा प्रश्न सोडवते, भिंतीतल्या ओलीचा नाही.

तुमच्या बेडरूमला एसी असणार. बाहेर ठाण्याची दमट, उबदार हवा आणि आत थंड खोली. अशा वेळी पाण्याची वाफ भिंतीतून बाहेरून आत यायला बघते. साधा रंग असेल तर ती खोलीत येऊन जाते. विनाइल म्हणजे पीव्हीसीचा पापुद्रा, भिंतीला आतून घातलेला रेनकोटच. वाफ त्याच्या पाठीला येऊन अडकते आणि तिथे थंडावा मिळाला की तिचं पाणी होतं. तिथेच स्टार्चची खळ आहे आणि कागदाचा सेल्युलोज आहे. बुरशीला आणखी काय हवं? वाळवी आणि कसर यांनाही हेच आवडतं. फ्लोरिडासारख्या दमट भागातल्या एसी हॉटेलांत विनाइल वॉलपेपरमागे बुरशी माजण्याचा प्रकार बांधकामवाल्यांना चांगलाच परिचयाचा आहे, तिथे बाहेरच्या भिंतींना विनाइल लावू नका असंच सांगतात. त्यावर आणखी ऑइल प्रायमरचा थर दिलात तर भिंतीची उरलीसुरली वाटही बंद.

विनाइलवर रंग टिकण्यात आणखी एक अडचण. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात. तो हळूहळू वर सरकून रंगात उतरतो. काही महिन्यांनी रंग चिकचिकीत लागतो, धूळ धरतो. प्रत्येक वेळी होतंच असं नाही, पण झालं तर वरून काही मारून ते थांबत नाही.

आता एक सोपी परीक्षा. खिडकीखालचा सुटलेला कागद फूटभर कापून काढा, ती जागा पुसून वाळू द्या आणि तिथे जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा. दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर खोलीतलीच हवा दमट आहे.

पागोळी:
आमच्याकडे राजापूरला चिऱ्याच्या घराला, चुन्याच्या गिलाव्यावर, मुंबईच्या भाच्याने हौसेने वॉलपेपर लावला. श्रावण उजाडायच्या आत कागद जमिनीवर. काही काढावं लागलं नाही, खर्च वाचला.

चिरा पाणी पितो आणि चुना ते बाहेर सोडतो. त्या दोघांच्या मध्ये प्लास्टिक घालायचं नसतं. गोव्यातल्या जुन्या घरांनाही हेच लागू. अवांतर झालं, पुढे चालू द्या.

टेम्सकाठी:
लंडनहून दोन ओळी. इथे शंभर-सव्वाशे वर्षांच्या घरांत लाकडी पट्ट्यांवरचा गिलावा असतो आणि तो इतका जीर्ण झालेला असतो की काही ठिकाणी वॉलपेपरनेच त्याला धरून ठेवलंय. सगळं सोललंत तर भिंत खाली येते. त्यातून 'ॲनाग्लिप्टा' असेल (उठावाचा जाड कागद, १८८७ चं पेटंट), तर तो रंगवण्यासाठीच असतो, खुशाल रंगवा. पण छतावर-भिंतीवर लाटालाटांचं जुनं टेक्स्चर असेल तर घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ साली आली.

टिवल्याबावल्या:
म्हणजे जर्मनीत रंगवा, जर्सीत प्रायमर मारून रंगवा, लंडनला हात लावू नका, राजापूरला वाट बघा. ठाण्याचं काय ठरलं?

मधुमालती:
ठाण्याचं ठरलं. कागद कापला आणि मागे काळे ठिपके निघाले. वास तर विचारू नका. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दुसऱ्या दिवशीच पाणी. काकांनी सांगितल्याप्रमाणे सोसायटीला लेखी दिलंय. बाहेरून बघायला माणूस आला, खिडकीच्या छज्जावर चीर आहे म्हणाला. ती भरून घेतोय. नवऱ्याने पहिल्या रंगाऱ्याचा नंबर डिलीट केलाय.

आता सोलायचं कसं ते सांगा. एका व्हिडिओत बघितलं, कोमट पाण्यात व्हिनेगर घालून फवारायचं. आणि बुरशीसाठी नंतर ब्लीच मारायचं ना?

रुक्ष_रसायन:
थांबा थांबा. व्हिनेगर आणि ब्लीच एका भिंतीवर नको. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्याला आम्ल लागलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बेडरूममध्ये हे नको, आणि घरात दमेकरी माणूस असताना तर मुळीच नको. अमोनियावालं काच पुसायचं द्रावणही ब्लीचबरोबर चालत नाही.

खळीला व्हिनेगरची गरजही नाही, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. बुरशीसाठी पातळ ब्लीच वापरायचंच असेल तर सोलणं पूर्ण झाल्यावर, भिंत साध्या पाण्याने धुऊन, खिडक्या उघड्या ठेवून. सासूबाईंना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा. बुरशी कोरडी खरवडायची नाही, तिचे बीजाणू खोलीभर होतात.

रंगसफेदी:
सोलायचं तर ऐका.

आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि स्विचबोर्डाच्या प्लेटा सैल करा. पाणी आणि बोर्ड यांची गाठ पडता कामा नये. खाली जुन्या चादरी अंथरा, प्लास्टिक नको, ओल्या चिखलाने पाय घसरतो.

विनाइलचा वरचा पापुद्रा बऱ्याचदा कोरडाच निघतो. खालच्या कोपऱ्यातून पुट्टीच्या पत्र्याने कड उचला आणि भिंतीला जवळजवळ समांतर, सावकाश वर ओढा. स्वतःकडे ओढू नका, फाटतो. नशीब असेल तर पट्टाच्या पट्टा हातात येतो. मागे पातळ पांढरा कागद राहतो. नवख्यांना वाटतं हीच भिंत, आणि ते त्यावर पुट्टी मारून मोकळे होतात. ती भिंत नाही! तो कागद पाणी पितो, आता त्याचं काम सोपं आहे. स्पंजने किंवा फवाऱ्याने कोमट पाणी मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, परत मारा. घाई करणारा माणूस इथे भिंत कोरतो. कागद भिजून राखाडी झाला की पत्रा आडवा धरून ढकला, गुंडाळी होऊन निघतो.

एकावेळी चार फूट रुंद भाग भिजवा. सगळी भिंत भिजवली तर शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिली सुकलेली असते.

तुमच्या भिंतीला आत काय आहे हे महत्त्वाचं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर पाण्याला दाद देत नाही, निश्चिंत राहा. पीओपी किंवा जिप्सम प्लास्टर असेल तर पाणी बेताने, नाहीतर नखाने उकरता येईल एवढं मऊ पडतं. खाली साधा खडूचा डिस्टेंपर निघाला तर तो कागदाबरोबर सुटून येईल, येऊ द्या. त्याला वाचवू नका, त्याच्यावर काही टिकत नाही.

काही फिटर खळीत फेविकॉल घालतात, पावसाळ्यात सुटू नये म्हणून. तसं असेल तर पाण्याने ढिम्म हलत नाही. तिथे कपड्यांचा स्टीमर कागदाला अर्धा मिनिट धरून लगेच पत्रा मारायचा. वेळ लागतो, दुसरा इलाज नाही.

कागद निघाला म्हणजे काम झालं असं नाही. ओला हात भिंतीवर फिरवा. बुळबुळीत लागलं तर खळ आहे. स्वच्छ पाण्याने पुसा, बादली बदला, परत पुसा. खळीवर रंग मारला की वाळताना त्याला जाळीसारख्या भेगा पडतात, आणि लोक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात.

रुक्ष_रसायन:
खळ राहिली का याची खात्री करायची असेल तर आयोडीन पाण्यात पातळ करून दोन-चार ठिकाणी टिपका लावा. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. मात्र खळ सेल्युलोजची असेल तर रंग बदलणार नाही, तिथे रंगसफेदींचा हातच खरा.

खडूस_काका:
भिंत सुकू द्या. सोलल्यावर दुसऱ्याच दिवशी पुट्टी लावायची नाही. पंखा लावा, खिडक्या उघड्या ठेवा, प्लास्टिकची परीक्षा परत करा. आत दव आलं नाही तरच पुढे. दिवाळीआधी उरकायचं म्हणून ओल्या भिंतीवर पुट्टी मारणारे दरवर्षी बघतो, आणि पुढच्या श्रावणात पोपड्यांचे फोटो टाकायला ते इथेच येतात.

सोनटक्का:
मुलांच्या खोलीतल्या पट्टीचं राहिलंच की. ती बहुतेक चिकट पाठीची असणार, खळीची नाही. त्याला पाणी चालत नाही. हेअर ड्रायरने गरम करायची, गोंद मऊ झाला की कोपऱ्यातून सावकाश ओढायची. खालचा रंग थोडा निघतोच, तेवढ्यापुरती पुट्टी ओढा. चिकट उरलं तर फडक्यावर थोडं टर्पेंटाइन.

मधुमालती:
अपडेट देते. बेडरूम सोलून झाली. दुसऱ्या रंगाऱ्यालाच काम दिलं, पण खोलीत मीही पत्रा घेऊन उभी होते. पापुद्रा तीन भिंतींवर पट्ट्यापट्ट्याने निघाला, पश्चिमेच्या भिंतीवर तर हात लावायचीच खोटी. वाईट काम खिडकीभोवतीचं, तिथे फेविकॉलच होता. ओलं खरवडल्यामुळे धूळ जवळजवळ नाहीच. धूळ झाली ती पुट्टी घासताना. तेवढे दिवस सासूबाई नणंदेकडे होत्या, आणि दाराला ओली चादर लावून ठेवली होती.

भिंत सुकायला मात्र वेळ घेतला. रंगारी रोज फोन करून विचारायचा, "मॅडम, झाली का?" काकांचं वाक्य त्याला ऐकवायचे. मग पुट्टीचे दोन हात, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाई आणि वर ३२० ने, प्रायमर, इमल्शनचे दोन हात. बाहेरच्या भिंतीला मुद्दाम चकचकीत फिनिश घेतला नाही, मॅट घेतला.

हॉलची भिंत सोलली नाही. आतली, कोरडी, कागद गुळगुळीत आणि घट्ट. आधी टीव्हीच्या मागे फूटभर जागेवर ऑइल प्रायमर आणि रंग मारून आठवडाभर सोडला. मग कटरने फुलीसारखे काप देऊन त्यावर टेप चिकटवून झटक्यात ओढली. रंग जागचा हलला नाही. चिकचिकही नाही. तेव्हा मावशींच्या क्रमाने केलं: प्रायमर, मग सांध्यांची लांबी, मग परत प्रायमर, मग रंग. दिवाणखान्याचे दोन सांधे अजून बाजूच्या उजेडात दिसतात, पण मला चालतात.

खडूस_काका:
हॉलचीही सोलायला हवी होती.

जर्सी_मावशी:
काका, आतली कोरडी भिंत आहे, टेपची परीक्षाही केली तिने. उगाच का सोलायची?

खडूस_काका:
पलीकडे स्वयंपाकघर आहे. सिंकचा पाइप त्या भिंतीतून जात असेल तर?

मधुमालती:
सिंक दुसऱ्या भिंतीला आहे काका. बघूनच केलं.

खडूस_काका:
मग ठीक.

अबोली_नाशिक:
उशिरा आले धाग्यावर. आमच्याकडे जुन्या ऑइल पेंटच्या भिंतीवर वॉलपेपर लावलाय, साधा कागदाचा, विनाइल नाही. तिथेही हेच सगळं करायचं का? भीती वाटतेय.

रंगसफेदी:
ताई, तुमचं काम सगळ्यात सोपं. ऑइल पेंट खळ पीत नाही, त्यामुळे कागदाने तिथे मूळ धरलेलंच नसतं. कोमट पाणी मारा, थांबा, सोलून घ्या. नंतर भिंत धुऊन वाळली की ऑइल पेंटची चकाकी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ओली घासून मारा, कोरडी नको, रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. चकाकी तशीच ठेवून वर इमल्शन दिलंत तर नखाने निघेल. घासून झालं की ऑइल प्रायमरचा एक हात, आणि मग कुठलाही रंग. घर किती सालचं आहे आणि भिंतीला हात लावल्यावर गार लागते का, तेवढं सांगा.

अबोली_नाशिक:
१९९२ चं. गार नाही लागत. पण सोफ्यामागे कागदाला पिवळे डाग आलेत.

रंगसफेदी:
सोफा पुढे ओढा आणि डागाचा फोटो टाका. तेलकट डाग डोकं टेकून पडलेले असतील तर चिंता नाही, ऑइल प्रायमरखाली बसतील. जमिनीलगत, कडेला तपकिरी रेघ असलेले असतील तर तो पाण्याचा माग आहे. मग आधी प्लास्टिक चिकटवून बघायचं.